थायरॉईडची धमनी बुजवायची, पण कोणाची?

जांघेत एक सुई, दीड-दोन तासांचं काम, गळ्यावर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. जास्त चालणाऱ्या थायरॉईडच्या रक्तवाहिन्या आतून बुजवण्याच्या उपचाराची, म्हणजे थायरॉईड एम्बोलायझेशनची, ओळख अशीच करून दिली जाते. या वर्णनातला एकही शब्द खोटा नाही. खोटा आहे तो न बोललेला शेवट: 'आणि सुटलात.' ग्रामीण विदर्भापुरतं बोलायचं तर हा उपचार पहिला नाही, दुसरा-तिसराही नाही. गोळी, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया या तिन्ही वाटा ज्यांना बंद आहेत अशा मोजक्या रुग्णांसाठी तो चौथा आहे. त्या मोजक्यांसाठी तो सरकारी मेडिकल कॉलेजात मिळायलाच हवा. बाकीच्यांना तो 'बिनटाक्याचा इलाज' म्हणून विकणं थांबलं पाहिजे.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे 'थायरॉईड आहे' एवढंच म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्या दोन शब्दांत एकमेकांच्या उलट असलेले दोन आजार कोंबलेले असतात. एकात ग्रंथी मंदावते, टीएसएच, म्हणजे मेंदूतून ग्रंथीला कामाला लावणारा हार्मोन, वाढतो आणि रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी लागते. हा आजार जास्त जणांना असतो, म्हणून ती गोळी घरोघरी माहीत. दुसऱ्यात ग्रंथी बेफाम चालते, टी-३ आणि टी-४ हे तिचे हार्मोन वर जातात, टीएसएच जवळजवळ शून्यावर येतो. दुसऱ्या आजाराला पहिल्याची गोळी म्हणजे आगीत तेल. तरी शेजारणीची बाटली उसनी आणली जाते, किंवा मेडिकलमधून 'थायरॉईडची गोळी द्या' म्हणून तीच मागून घेतली जाते. कागदावर 'थायरॉईड' न लिहिता 'थायरॉईड जास्त' किंवा 'थायरॉईड कमी' असं मराठीत लिहिलं, तरी यातले बरेच घोटाळे टळतील. त्याला खर्च शाईचा.

जास्तीचा आजार आपल्या भागात उशिरा सापडतो, त्यालाही कारणं आहेत. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर गेला की घाम, धडधड आणि झोप न लागणं हे सगळं उन्हाच्या नावावर जमा होतं. भरपूर खाऊनही वजन उतरतंय म्हटल्यावर थुंकी टीबीसाठी जाते. धाप आणि थकवा असला की रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल असं वाटतं. हात कापतात ते टेन्शनमुळे. यातली प्रत्येक शंका रास्त आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, टीबी आहे, ॲनिमिया तर सगळीकडेच आहे. फक्त त्या यादीत टीएसएच नसतो. आराम करतानाही नाडी १०० च्या वर, पुढे केलेल्या हातांच्या बोटांना बारीक कंप आणि तळहात ओलसर-गरम, या तीन गोष्टी आशाताईलाही दारात उभ्याने दिसू शकतात. साठीच्या पुढच्या माणसात तर हा आजार कधीकधी नुसता अनियमित ठोक्यांच्या रूपात येतो. हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारल्यावर मग रक्त तपासलं जातं.

टीएसएच कमी आला म्हणजे ग्रंथी जास्त हार्मोन बनवतेच असंही नाही. थायरॉयडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेला हार्मोन बाहेर सांडतो. कोठी फुटून ज्वारी अंगणात पसरावी तसं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे होतं, विषाणूच्या तापानंतर मान दुखून होतं, आणि दोन-तीन महिन्यांत कोठी रिकामी झाली की आपोआप ओसरतं. याला कार्बिमाझोल, म्हणजे हार्मोन बनणं रोखणारी गोळी, लागत नाही. इथे धमन्या बुजवणं तर शुद्ध वेडेपणा. फरक ओळखायला टेक्नेशियम स्कॅन आहे: ग्रेव्ह्जमध्ये, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीला बेफाम पळवतात त्या आजारात, ग्रंथी लख्ख उजळते, थायरॉयडायटिसमध्ये ती जवळजवळ दिसतच नाही. स्कॅनची सोय नसेल तर रक्तातल्या ट्रॅब या अँटिबॉडीवरून आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीवरून बरंच कळतं. आणखी एक बारीक गोष्ट. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही लॅबच्या यंत्रांना फसवतं आणि निरोगी माणसाचा रिपोर्ट हुबेहूब ग्रेव्ह्जसारखा येतो. म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवायची. या पायऱ्या गाळून कोणी थेट कॅथलॅबची, म्हणजे रक्तवाहिन्यांत नळी घालून काम करायच्या खोलीची, तारीख देत असेल, तर तिथून उठून दुसरं मत घ्यावं.

आता उपचार. थायरॉईड ही १५ ते २० ग्रॅमची ग्रंथी, पण रक्ताची भलतीच हावरी. तिला चार धमन्या रक्त पुरवतात. दोन वरच्या, मानेतल्या बाहेरच्या कॅरोटिडमधून निघणाऱ्या. दोन खालच्या, हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीच्या फांदीतून येणाऱ्या. कधीकधी मधोमध पाचवीही असते. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीत सुई घालून, तिच्यातून तार, तारेवरून सुमारे पावणेदोन मिलिमीटर जाडीचा कॅथेटर (लवचीक नळी) छातीतल्या महाधमनीपर्यंत आणि तिथून मानेत नेतात. मग त्याच्या पोटातून त्याच्या निम्म्या जाडीचा मायक्रोकॅथेटर एकेका थायरॉईड धमनीच्या तोंडात शिरवतात. रुग्ण जागा असतो. भूल फक्त सुईच्या जागी आणि थोडं गुंगीचं औषध. कॉन्ट्रास्ट, म्हणजे लोक ज्याला 'डाय' म्हणतात ते सोडून एक्स-रेच्या पडद्यावर धमनीचा नकाशा काढतात. नकाशा समजला की पीव्हीए नावाच्या प्लास्टिकचे, बहुधा ३०० ते ५०० मायक्रॉनचे कण कॉन्ट्रास्टमध्ये कालवून हळूहळू सोडतात. प्रवाह मंदावला आणि पडद्यावर ग्रंथीचा काळसर डाग दिसेनासा झाला की थांबायचं.

कणाच्या मापातच निम्मी विद्या आहे. कण फार बारीक असला तर तो ग्रंथीच्या पलीकडे जाऊन स्वरयंत्र, अन्ननलिका किंवा मज्जातंतूंना रक्त देणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या बुजवतो. फार मोठा असला तर धमनीच्या तोंडाशीच अडकतो आणि शेजारच्या वाहिन्या काही आठवड्यांत वळसा घालून ग्रंथीला पुन्हा रक्त पोचवतात. पाटाचं मोठं दार बंद केलं आणि बांधातून पाणी झिरपत राहिलं, तर वावर ओलंच राहणार. तोंडाशी धातूची गुंडाळी ठेवून काम संपवणं याच कारणाने फसतं. जिलेटिनचा स्पंज काही आठवड्यांत विरघळतो. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियाच करायची असेल तर तो चालतो, कायमच्या इलाजाला नाही.

चारही धमन्या का बुजवत नाहीत? थायरॉईडच्या पाठीशी भाताच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. शरीरातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, आणि त्यांचं रक्त मुख्यतः खालच्या थायरॉईड धमन्यांतून येतं. म्हणून सहसा दोन वरच्या आणि एक खालची बुजवून चौथी सोडतात. सोडलेली धमनी पॅराथायरॉईड वाचवते आणि तीच थायरॉईडचा काही भाग जिवंत ठेवते. म्हणजे जास्त बुजवलं तर कॅल्शियम जातं, कमी बुजवलं तर आजार परततो. ही ओढाताण या उपचाराच्या मुळातच आहे, डॉक्टर कितीही निष्णात असो.

चुकीच्या जागी कण गेला तर काय होतं तेही सांगितलं पाहिजे. वरची थायरॉईड धमनी कॅरोटिडच्या दुभाजनाजवळ निघते. कण सोडताना जोर जास्त झाला आणि ते उलटे फिरले, तर काही सेंटिमीटरवर मेंदूकडे जाणारी धमनी आहे. खालच्या बाजूला शेजारीच मानेच्या मणक्यांतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी धमनी आहे, आणि थायरॉईडच्या खालच्या धमनीतून निघणारी एक फांदी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या वाहिन्यांशी जोडलेली असू शकते. त्या फांदीच्या पुढे मायक्रोकॅथेटरचं टोक गेल्याखेरीज एक कणही सोडायचा नाही, हा नियम लकव्याच्या भीतीतून आला आहे. असे अपघात क्वचितच होतात. पण ते क्वचित राहतात ते रोज मेंदूच्या आणि मानेच्या वाहिन्यांत काम करणाऱ्या हातांमुळे. कॅथलॅब आहे आणि हृदयाचे स्टेंट टाकले जातात, एवढं पुरत नाही. काम वेगळं, नकाशा वेगळा.

कमी बोललं जातं ते आयोडीनबद्दल, आणि विदर्भाच्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं. कॉन्ट्रास्टच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. १०० मिलिलिटर गेलं तर ३० ग्रॅम. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. यातलं बहुतेक आयोडीन रेणूत बांधलेलं असून लघवीवाटे निघून जातं, पण जो थोडा अंश सुटा होतो तोही रोजच्या गरजेच्या कित्येक पट. त्याचे दोन परिणाम होतात. आधीच बेफाम असलेल्या ग्रंथीला कच्चा माल मिळतो. शिवाय ग्रंथी आयोडीनने तुडुंब भरल्यामुळे पुढचे सहा ते आठ आठवडे किरणोत्सारी आयोडीन तिच्यात नीट शिरत नाही. एम्बोलायझेशन फसलं, तर दुसरी सगळ्यात सोपी वाट दीड-दोन महिने बंद. हेच नुकसान मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी विनाकारण काढल्यानेही होतं. गळा फुगलाय म्हणून तालुक्याच्या गावी सीटी होतो, मग रुग्ण नागपूरला पोचतो आणि तिथे 'दोन महिन्यांनी या' ऐकून परततो. साध्या सोनोग्राफीवर भागलं असतं.

उपचारानंतरचे दिवस हा या लेखाचा गाभा आहे. रक्त तुटलेल्या पेशी मरतात आणि त्यांच्यात साठलेला हार्मोन रक्तात सुटतो. थायरॉईडच्या पोटात कित्येक आठवडे पुरेल एवढा साठा असतो आणि टी-४ रक्तातून निम्मा व्हायला आठवडा लागतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत आजार कमी न होता वाढतो. मान दुखते, गिळताना त्रास होतो, दोन-तीन दिवस ताप येतो, आवाज बसतो. एवढं अपेक्षितच. पण आधी कार्बिमाझोलने टी-३, टी-४ आटोक्यात आणले नसतील आणि धडधड आवरणारी प्रोप्रॅनॉलॉल सुरू नसेल, तर याच दिवसांत थायरॉईडचं वादळ उठू शकतं: १०३-१०४ चा ताप, नाडी १४० च्या पुढे, उलट्या-जुलाब, बरळणं, हृदय हतबल. त्यात उपचार मिळूनही दहातला निदान एक माणूस जातो. आगीतून फुफाट्यात ते हेच. कॅल्शियम घसरलं तर ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आखडतात. तेव्हा दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिलिलिटर, दहा मिनिटं घेऊन हळूहळू शिरेत द्यावं लागतं. ते कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात देता येतं, अट एवढीच की मुंग्या कशाच्या हे तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला कळलं पाहिजे. ताप आला तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन नको, कारण ती प्रथिनांना चिकटलेला हार्मोन सोडवते. आणि कार्बिमाझोल लगेच बंद करायची नाही. नेमकं इथेच घोडं अडतं: ऑपरेशन झालं, मग गोळी कशाला?

पुराव्याचं वजनही पाहावं. या पद्धतीचा पहिला वैद्यकीय अनुभव रशियन डॉक्टरांनी १९९४ मध्ये छापला, पुढे २००२ पासून चीनमधून ग्रेव्ह्जच्या रुग्णांचे अहवाल आले. त्यांत बऱ्याच रुग्णांची ग्रंथी सुधारली, काहींना थोडी गोळी चालू ठेवावी लागली, काहींचा आजार परतला. बहुतेक अहवाल काही डझन रुग्णांचेच आहेत. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ग्रेव्ह्जसाठी पर्याय तीनच: गोळी, किरणोत्सारी आयोडीन, शस्त्रक्रिया. वीस-बावीस वर्षं होऊनही एखादी पद्धत त्या ओळीत बसली नसेल, तर 'नवीन आहे म्हणून डॉक्टरांना माहीत नाही' हे स्पष्टीकरण पुरत नाही.

याला एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते वजनदार आहे. खेड्यातला माणूस दीड वर्ष गोळ्या घेणार नाही. दर महिन्याला एसटीने जिल्ह्याला येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं. भाताचा रोवणा सुरू झाला की भंडारा-गोंदियातली बाई तारीख पाळणार नाही, कापसाच्या वेच्यात यवतमाळातली नाही. अशा माणसाला एकदाच काय ते करून मोकळं केलेलं बरं नाही का? बरंच. फक्त एम्बोलायझेशन 'एकदाच' नाही. त्यात आधी चार-सहा आठवडे गोळी, नंतर तिसऱ्या ते सातव्या दिवशी हार्मोन आणि कॅल्शियम, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला टीएसएच आणि टी-४, कारण ग्रंथी पुन्हा वाढली की मंदावली हे दोन्ही पाहावं लागतं. गोळीच्या रुग्णाची तारीख चुकली तर बहुधा आजार हळूहळू परततो. एम्बोलायझेशनच्या रुग्णाचा पहिला आठवडा चुकला तर जीव जाऊ शकतो. म्हणजे ज्याला पाठपुरावा जमत नाही त्याच्यासाठी आपण पाठपुराव्याची सगळ्यात जास्त भूक असलेला उपचार निवडतो आहोत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एकदाचं हवं असेल तर ते खरं किरणोत्सारी आयोडीनच आहे, आणि ते १९४१ पासून दिलं जातं. ग्रेव्ह्जसाठी साधारण १० ते १५ मिलिक्युरीची एक कॅप्सूल किंवा घोट. भरती व्हावं लागत नाही. कार्बिमाझोल काही दिवस आधी थांबवायची आणि गर्भधारणा नाही याची खात्री त्याच दिवशी करायची. स्तनपान करणाऱ्या बाईला देत नाहीत. पुढे निदान सहा महिने मूल होऊ द्यायचं नाही. त्यानंतर मूल होण्यात अडचण नसते, ही गोष्ट सासूलाही सांगावी लागते. सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि रोजची थायरॉक्सिन सुरू होते, वजनाच्या किलोमागे सुमारे दीड मायक्रोग्रॅम. ती स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, वर्षातून एकदा रक्त तपासून भागतं. ग्रेव्ह्जमध्ये डोळे बाहेर आलेले आणि लाल असतील तर मात्र सावध राहावं लागतं, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच. तिथे आयोडीनने डोळे बिघडू शकतात.

या वाटेवरची खरी अडचण रस्त्याची आणि घराची आहे. न्यूक्लियर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषध देण्याची, सोय नागपूर-वर्ध्याकडे एकवटलेली. औषध घेतलेल्या माणसाने काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायांपासून निदान हातभर नव्हे, वावभर लांब राहायचं, वेगळं निजायचं, भांडी वेगळी ठेवायची, संडासात दोनदा पाणी टाकायचं. आणि आपण त्याला कॅप्सूल देऊन संध्याकाळच्या खचाखच भरलेल्या बसमध्ये बसवतो, पाच तास, शेजारी कोण हे न पाहता. घरी खोली एक, नातवंडं चार. यावर उपाय यंत्राचा नाही, खोलीचा आहे. रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत चार-पाच रात्री स्वतंत्र खोली आणि डबा. एका मायक्रोकॅथेटरच्या पैशात अशा कितीतरी रात्री निघतील.

गोळीची वाट आपण जेवढी अवघड समजतो तेवढी ती नाही. अवघड आपण केली आहे. कार्बिमाझोल २० ते ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून रिपोर्टप्रमाणे ५-१० वर आणायची आणि बारा ते अठरा महिने चालवायची. थांबवल्यावर साधारण निम्म्यांचा आजार परततो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. धडधडीसाठी प्रोप्रॅनॉलॉल, दमा असेल तर ती नको. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलऐवजी पीटीयू ही त्याच कामाची दुसरी गोळी. या गोळ्या तालुक्याच्या औषधकोठीत सलग वर्षभर राहिल्या पाहिजेत. 'स्टॉक संपला, बाहेरून घ्या' हे दोनदा ऐकलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही, आणि मग आपण त्याला 'गोळ्या न घेणारा' म्हणतो.

गोळीचा एक धोका मात्र आपल्या भागात वेगळा वागतो. हजारात दोन ते पाच जणांत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, कार्बिमाझोलमुळे पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. ताप, घसा दुखणं, तोंडात व्रण ही त्याची खूण. गडचिरोलीत ताप म्हणजे मलेरिया. कार्डवर चाचणी होते, औषध मिळतं, माणूस घरी. तोंडातले व्रण खर्ऱ्याच्या, तंबाखू-सुपारीच्या, नावावर. कार्बिमाझोल घेणाऱ्याला ताप आला की गोळी तिथल्या तिथे बंद आणि त्याच दिवशी रक्तपेशींची मोजणी. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ५०० च्या खाली असतील तर थेट मोठं रुग्णालय. मलेरियाची चाचणी करावीच, पण तिच्या शेजारी ही दुसरी बाटलीही भरावी. रुग्णाच्या कार्डावर लाल शाईने हे एक वाक्य असलं तर कोणत्याही उपकेंद्रातल्या सिस्टरला पुरेल.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. मोठा गलगंड श्वासनलिका दाबत असेल किंवा गाठ कर्करोगाची वाटत असेल तर तीच वाट. आवाजाची नस कायमची दुखावण्याचा धोका अनुभवी हातांत शंभरात एकाच्या आसपास, कॅल्शियमचा तात्पुरता घोळ बऱ्याच जणांना होतो. एक गोष्ट तिच्या बाजूने पक्की: काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीकडे जाते. एम्बोलायझेशनमध्ये काहीच बाहेर येत नाही, त्यामुळे आत कर्करोगाची गाठ असेल तर ती तशीच राहते. सोनोग्राफीत संशयास्पद गाठ असताना सुईने पेशी न तपासता धमन्या बुजवणं अक्षम्य आहे.

मग हा उपचार कोणाचा? कार्बिमाझोलने पांढऱ्या पेशी कोसळल्या, डोळ्यांचा आजार जोरात असल्याने आयोडीन देता येत नाही, आणि हृदय इतकं थकलंय की भूलतज्ज्ञ नकार देतात, अशा माणसाचा. अमिओडॅरोन या हृदयाच्या औषधामुळे ग्रंथी भडकली आणि त्यातल्या आयोडीनमुळे किरणोत्सारी आयोडीन निरुपयोगी, त्याचा. आणि प्रचंड, रक्ताने थबथबलेला गलगंड काढण्याआधी एक-दोन दिवस रक्तस्राव कमी करण्यासाठी. असे रुग्ण थोडे असतात, पण असतात, आणि आज त्यांना मुंबई-हैदराबाद दाखवलं जातं. नागपूरच्या एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजात एंडोक्राइन (हार्मोनचे डॉक्टर), इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी (एक्स-रेवर पाहून धमन्यांत काम करणारे), सर्जरी आणि आयसीयू यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्ण ठरवावा, आणि निवडलेल्या प्रत्येकाचे दोन वर्षांचे रिपोर्ट नोंदवहीत राहावेत. फसलेलेसुद्धा. ती नोंदवही लोकांना पाहता आली तरच पुढे या उपचाराला सरकारी पॅकेज द्यायचं की नाही, यावर बोलण्यात अर्थ आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता पाच लाखांपर्यंत गेलं आहे, चांगलंच झालं. पण पॅकेजचा स्वभाव असा की भरती, प्रक्रिया आणि डिस्चार्ज यांचे पैसे सरळ मिळतात. सातव्या दिवशीच्या रक्ताला आणि सहाव्या महिन्याच्या फोनला कोणी वाली नसतो. अशा चौकटीत एम्बोलायझेशन घातलं तर ते वाढणारच, कारण गोळीत आणि कॅप्सूलमध्ये रुग्णालयाला फार काही मिळत नाही. पॅकेज द्यायचंच झालं तर शेवटचा हप्ता बाराव्या महिन्याच्या टीएसएचवर बांधा.

संमतीपत्राचंही तेच. मराठीत हवं, आणि मेळघाटात कोरकूत, भामरागडकडे माडियात वाचून दाखवणारा माणूस हवा. त्यात तीन रकाने पुरेत. पहिल्यात: गोळी, आयोडीन आणि शस्त्रक्रिया यांपैकी प्रत्येक का नाही, एकेक ओळ. दुसऱ्यात: पहिला आठवडा रुग्ण कुठे राहणार. जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, तेव्हा तिथल्या माणसाला चौथ्या दिवशी घरी पाठवायचं नाही. गडचिरोलीत ठेवा नाहीतर तारीख दिवाळीनंतरची द्या. तिसऱ्यात सातव्या दिवशी रक्त घेणाऱ्या दवाखान्याचं नाव, आणि तिथल्या ज्या माणसाला हे आधी फोन करून सांगितलंय त्याचा नंबर. तिसरा रकाना कोरा असेल तर कॅथलॅबचं दार उघडू नये.